गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब : माता आणि बालक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात अंथुर्णे येथे झालेल्या आरोग्य मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाचा मंडप, सभोवती पंगतीची लगबग आणि अशा मंगल वातावरणात आजाराविषयी बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, याबद्दल प्रथम ट्रस्टचे मनःपूर्वक आभार मानतो. निमंत्रण देताना कार्यकर्त्यांनी सांगितले होते, ‘‘डॉक्टर, विषय तुमचा, श्रोते आमचे. महिलांसाठी काही सांगा.’’ विषय मी निवडला. मात्र श्रोत्यांत पुरुषही असावेत असा आग्रह धरला. कारण गर्भवतीला दवाखान्यात केव्हा न्यायचे, कोठे न्यायचे आणि गाडी कोणाची सांगायची, हे आजही पुष्कळ घरांत तिच्या हाती नसते. ते सासूबाईंच्या, सासऱ्यांच्या, पतीच्या हाती असते. म्हणून आजचे बोलणे पोटात बाळ असलेल्या भगिनीइतकेच तिच्या घरच्यांसाठीही आहे.

विषय आहे गर्भावस्थेतील रक्तदाबाचा. जगभरात गर्भारपण आणि बाळंतपणाच्या काळात ज्या माता दगावतात, त्यांतील सुमारे सहा-सातांमागे एक मृत्यू या विकारामुळे होतो. आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत मोठी मजल मारली आहे, हेही येथे आनंदाने सांगितले पाहिजे. 2004-06 च्या नमुना नोंदणी पाहणीत राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 130 मातांचा मृत्यू होत असे. 2018-20 च्या पाहणीत हा आकडा 33 वर आला. देशाचा आकडा त्या वेळी 97 होता. दवाखान्यातील बाळंतपणे, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या, आशाताईंची धावपळ या सर्वांचे ते फळ आहे. परंतु ज्या घरातील सून गेली त्या घराला 33 या आकड्याचे समाधान ते काय? आणि उरलेल्या मृत्यूंत रक्तदाबाचे मृत्यू असे आहेत की त्यांतील बहुसंख्य टाळता येतात. पूर्वसूचना मिळते. ती वाचणारे कोणी हवे, इतकेच.

या विकाराची पहिली अडचण अशी की तो दुखत नाही. ताप आला तर अंग तापते, काटा रुतला तर पाय ठणकतो. रक्तदाब मात्र 150 झाला काय आणि 160 झाला काय, ती भगिनी नेहमीप्रमाणे पाणी भरते, भाकरी करते, दूध काढते आणि ‘‘मला काहीच होत नाही’’ असे मनापासून सांगते. ती खोटे बोलत नसते. म्हणून तिला काय वाटते यावर विसंबून न राहता मोजावे लागते. वरचा आकडा 140 किंवा अधिक, अथवा खालचा 90 किंवा अधिक, असे किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळले तर तो उच्च रक्तदाब समजावा. दोहोंपैकी एक आकडा वाढला तरी पुरे. 160 किंवा 110 च्या पुढे गेला तर ती आणीबाणी. तेथे ‘‘उद्या सकाळी बघू’’ हा शब्द नाही. पाचवा महिना लागेपर्यंत दाब चांगला होता आणि नंतर चढला, त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील बिंबिका यांच्यात बिघाड दिसू लागला, म्हणजे त्या अवस्थेला आम्ही ‘प्रीएक्लॅम्प्सिया’ म्हणतो. त्यातूनच झटके आले की ‘एक्लॅम्प्सिया’.

मोजण्याविषयी दोन शब्द, कारण घाईत मोजलेला रक्तदाब फसवतो. बसमधून उतरून, जिना चढून आलेल्या बाईला तत्काळ पट्टा बांधू नये. पाच मिनिटे पाठीला टेका देऊन, पाय जमिनीवर टेकवून बसवावे. दंडावर पोलक्याची घट्ट बाही नसावी, हात छातीच्या पातळीवर आधाराने ठेवावा, मोजताना गप्पा मारू नयेत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. हल्ली घरोघरी बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत. ती वापरायला हरकत नाही, पण गर्भवतींसाठी तपासून प्रमाणित केलेले यंत्र घ्यावे, दंडावरचे घ्यावे, मनगटावरचे नको, आणि पहिल्या दिवशी ते दवाखान्यात नेऊन तेथील आकड्याशी ताडून पाहावे.

आता हे होते कशामुळे? आपण नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील माणसे आहोत, म्हणून कालव्याचाच दृष्टांत देतो. बाळाचे सारे पोषण वारेतून होते. गर्भधारणेच्या पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्यांच्या भिंती सैल आणि रुंद करतात. जणू अरुंद चारीचा रुंद पाट होतो आणि पाणी संथपणे, भरपूर येते. काही स्त्रियांत हे काम अर्धवट राहते. चारी अरुंदच राहते, टोकाच्या शेताला पाणी पुरत नाही. तहानलेली वार मग अशी काही द्रव्ये आईच्या रक्तात सोडते की तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. 2003 साली अमेरिकेतील बोस्टन येथे भारतीय वंशाचे संशोधक डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी अशा एका द्रव्याचा छडा लावला आणि या कोड्याचा मोठा भाग उलगडला. दृष्टांत येथवरच पुरे. लक्षात ठेवायचे ते हे, की विकाराचे मूळ वारेत आहे. बाईच्या रागीट स्वभावात नाही, तिने केलेल्या विचारांत नाही, आणि ग्रहणात तर मुळीच नाही. ‘‘तूच टेन्शन घेतेस’’ असे त्या भगिनीला बोलून दोष देणे अन्यायाचे आहे.

वार मूळ असल्यामुळे बाळावर परिणाम आईच्या आधीच सुरू झालेला असतो. रक्तपुरवठा कमी म्हणून बाळाची वाढ खुंटते, गर्भजल कमी होते. कधी वार मुदतीपूर्वीच गर्भाशयापासून सुटते. मग रक्तस्राव होतो, पोट दगडासारखे कडक होते आणि बाळ तासाभरातही जाऊ शकते. पुष्कळदा आईला वाचवण्यासाठी बाळंतपण लवकर करावे लागते आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत जाते. येथे आपल्या पुणे जिल्ह्यातील एका कामाचा उल्लेख करतो. 1990 च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन तेथे सुमारे 2.7 किलो भरले. म्हणजे आपल्या ग्रामीण भागातील बाळ मुळातच हलके. ज्याच्या गाठीला मुळातच थोडे, त्याला तोटा अधिक जाणवतो. तसे रक्तदाबामुळे होणारे तीन-चारशे ग्रॅमचे नुकसान आपल्या बाळांना जड जाते.

धोका कोणाला अधिक, हे सांगतो. पहिलटकरीण, त्यातही वीस वर्षांच्या आतील किंवा पस्तिशीच्या पुढील, जुळे असलेली, आधीच्या खेपेस हा त्रास झालेली, मुळात रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, वजन फार असलेली, आई किंवा बहिणीला असा त्रास झालेली. पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नये. कोणताही धोका नसलेल्या धडधाकट मुलीही झटके येऊनच दवाखान्यात येतात.

धोक्याची लक्षणे फार नाहीत. गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ-उलटी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे. अडचण अशी की यांतील प्रत्येक लक्षणाला आपल्या घरात एक तयार उत्तर आहे. डोके दुखते, उन्हात गेली असेल. पोटात वर दुखते, पित्त झाले, सोडा द्या. बांगड्या रुतू लागल्या, अंगठी निघेना, मग पोटात जुळे असेल किंवा मुलगा असेल. आणि झटका आलाच तर फेफरे, नाहीतर बाहेरची बाधा. कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, अंगारा लावा. ही उत्तरे देणाऱ्या आजीबाई मायेने देतात, हे मी जाणतो. पायांवरची थोडी सूज सातव्या-आठव्या महिन्यात बहुतेकींना असते, हेही खरे. परंतु गर्भवतीचे डोके दुखत असेल तर पित्त म्हणायच्या आधी रक्तदाब पाहावा, एवढी एक सवय या गावाने लावून घेतली तरी माझे येणे सार्थकी लागेल.

आता आपल्या एका सुंदर रूढीविषयी थोडे विस्ताराने बोलतो. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळेजेवण करायचे आणि लेकीला माहेरी आणायचे. आईच्या हातचे जेवण आणि विश्रांती यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु वेळेचा मेळ पाहा. हा विकार पहिलटकरणीत अधिक. तो प्रामुख्याने सातव्या महिन्यानंतर डोके वर काढतो. आणि नेमक्या त्याच वेळी ती मुलगी जिथे तिची नोंद आहे, जिथली परिचारिका तिला नावाने ओळखते, जिथे तिचा पहिल्या तिमाहीतील रक्तदाब लिहून ठेवला आहे, ते गाव सोडून जाते. माहेरी आल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस पाहुणेरावळ्यांत जातात. ‘‘आता नवव्यातच नाव घालू’’ असे ठरते. मधले सहा-सात आठवडे एकदाही पट्टा बांधला जात नाही. पहिल्या तिमाहीत 100/60 असलेली मुलगी 136/88 वर आली, तर 140 ची रेषा ओलांडलेली नसली तरी ती चढण बोलकी असते. पण मागचा आकडा समोर नसेल तर नवा डॉक्टर ती ओळखणार कशी? म्हणून माझी विनंती अशी : ओटीच्या साहित्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड आणि सर्व तपासण्यांचे कागद पिशवीत घालावेत, आणि माहेरी पोहोचल्याच्या आठवड्यात तेथील आशाताईंकडे नोंद करून रक्तदाब मोजून घ्यावा. सातव्या-आठव्या महिन्यात दर पंधरा दिवसांनी, नवव्यात दर आठवड्याला. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी आरोग्य संस्थांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ही योजना 2016 पासून चालू आहे. माहेर कोठलेही असो, तिचा लाभ घेता येतो.

माहेरी जाण्याचे भाग्यही जिला नाही, अशा एका भगिनीकडे या व्यासपीठावरून आपले लक्ष वेधतो. दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि चार-पाच महिने कोपीत राहतो. त्यांत गर्भवती असतात. पहाटेच्या थंडीत फडात जाणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणे हे आठव्या महिन्यापर्यंत चालते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. तिचे कार्ड तिच्या गावी राहिलेले असते. ती ना तिच्या गावच्या परिचारिकेच्या यादीत, ना आपल्या. ऊस आपला आहे, फड आपला आहे. साखर कारखाने आणि आरोग्य खाते आपापल्या परीने तपासणी शिबिरे घेतातच, पण फडाचा मालक रोज बांधावर असतो. टोळीत कोणी गर्भवती आहे का एवढे त्याने विचारावे आणि आशाताईंना कळवावे, याला खर्च काहीच नाही. प्रस्तुत ट्रस्टने पुढील गळीत हंगामात रक्तदाबाची दोन यंत्रे आणि एक गाडी कोप्यांसाठी आठवड्यातून एक दिवस दिली, तर जीवदयेचे ते एक फार जवळचे क्षेत्र ठरेल. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि गर्भवतींची देखरेख त्यांच्यावर सोपवली. शिक्षण नाही म्हणून अडले नाही.

उपचारांकडे वळतो. या विकारावर गोळी आहे, पण गोळीने विकार जात नाही, आईच्या मेंदूला आणि हृदयाला संरक्षण मिळते. लॅबेटालॉल, निफेडिपीन आणि मिथिलडोपा ही तीन औषधे गर्भावस्थेत चालतात. याउलट नेहमीच्या रक्तदाबाची काही औषधे, उदाहरणार्थ एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन, बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. सासूबाईंच्या डबीतील ‘बीपीची गोळी’ सुनेला देऊ नये, ती याच कारणासाठी.

या तीन औषधांपैकी तातडीच्या वेळी कोणते उत्तम, याचे उत्तर आपल्याच राज्यात, नागपुरात मिळाले. रक्तदाब 160/110 च्या पुढे गेला की सामान्यतः शिरेतून इंजेक्शन देतात. त्याला सलाईन, प्रशिक्षित हात आणि सतत लक्ष लागते. लहान दवाखान्यात हे सारे नसते. मग तोंडाने दिलेल्या साध्या गोळीने भागेल का? 2015 ते 2017 या काळात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी संस्थांत 894 गर्भवतींवर याचा अभ्यास झाला. सहा तासांच्या आत, कोणताही अपाय न होता, रक्तदाब आटोक्यात आल्याचे प्रमाण निफेडिपीनच्या गटात 84 टक्के, लॅबेटालॉलच्या गटात 77 टक्के आणि मिथिलडोपाच्या गटात 76 टक्के आढळले. 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुपयांच्या गोळ्या, सरकारी रुग्णालयाच्या खाटा आणि विदर्भातील साध्या घरांतील भगिनी, यांच्यामुळे जगातील लहान दवाखान्यांना आधार मिळाला. वर्तमानपत्रांत याला कोपराही मिळाला नसेल. मला मात्र ही गोष्ट पुनःपुन्हा सांगावीशी वाटते.

झटके थांबवण्याचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हे स्वस्त आणि जुने औषध. तरीही कित्येक वर्षे पुढारलेल्या देशांतील डॉक्टर त्याऐवजी महागडी झोपेची व फिटची औषधे वापरत. 1995 साली भारतासह अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने वाद मिटवला : मॅग्नेशियम दिलेल्या मातांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी कमी होते. पुढे 2002 मध्ये ‘मॅग्पाय’ नावाच्या अभ्यासात, 33 देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांत, झटका येण्यापूर्वीच हे औषध दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसले. आपल्या देशाच्या नियमांनुसार मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस प्राथमिक केंद्रातील प्रशिक्षित परिचारिकाही दोन्ही नितंबांत इंजेक्शनने देऊ शकते. ती इंजेक्शने दुखतात. बाईला थेट बारामतीला नेण्याची घाई असलेले नातेवाईक ‘‘येथे वेळ घालवू नका’’ म्हणतात. परंतु त्या दहा मिनिटांनी वाटेतला झटका टळतो. घरी झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी, कांदा काहीही घालू नये, दाबून धरू नये, आणि 108 ला फोन करावा. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, औषधे, रक्त आणि ने-आण यांचा खर्च शासन करते. आपल्याला इंदापूर आणि बारामतीची सरकारी रुग्णालये जवळ आहेत, बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुण्याचे ससून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, म्हणून झटके आलेल्या बाईला आधी जवळच्या सुसज्ज ठिकाणी स्थिर करावे हे उत्तम.

गावपातळीवर हे सारे आशाताईंकडे सोपवले तर काय होते, हेही पाहिले गेले आहे. बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत 2014 ते 2016 दरम्यान चौदा हजारांहून अधिक गर्भारपणांचा एक अभ्यास झाला. निम्म्या भागांत आशाताई व परिचारिकांना रक्तदाब यंत्र आणि मोबाईलवरील मार्गदर्शन देऊन घरी तपासणी, गरज पडल्यास मिथिलडोपा व मॅग्नेशियमचा पहिला डोस आणि पुढे रवानगी असे काम दिले. आशाताईंनी ते काम उत्तम केले. तरी एकंदर मृत्यू आणि गुंतागुंत यांत स्पष्ट घट आढळली नाही. हा निष्कर्ष लपवू नये, कारण तो शिकवतो. भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक येथील निकाल एकत्र पाहता, ज्या मातांची अशी तपासणी आठ किंवा अधिक वेळा झाली त्यांची स्थिती बरी दिसली. एकदा-दोनदा पट्टा बांधून भागत नाही, आणि पुढे पाठवलेल्या रुग्णालयात काळजी नीट नसेल तर गावातील कष्ट वाया जातात.

या विकाराचा खरा शेवट बाळंतपणानेच होतो. बाळ आणि वार बाहेर आल्यावर. प्रीएक्लॅम्प्सिया असेल तर 37 आठवडे भरल्यावर थांबण्यात काही लाभ नसतो. त्याआधी मात्र प्रत्येक दिवसाचा हिशेब करावा लागतो : आणखी एक दिवस पोटात राहिल्याने बाळाला काय मिळेल आणि आईचे काय जाईल? चौतीस आठवड्यांच्या आत बाळंतपण करावे लागणार असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. याच वेळी घरातून एक वाक्य हमखास येते, ‘‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही.’’ ही समजूत पूर्णतः चुकीची आहे. जितके दिवस अधिक तितके बाळ बळकट. आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही सबळ. या एका वाक्यापायी सही करायला उशीर होतो आणि झटका सहीची वाट पाहत नाही.

टाळता येईल का? पूर्णपणे नाही, काही अंशी होय. ज्यांना धोका अधिक आहे त्यांना बाराव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत अ‍ॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी सुरू केल्यास लाभ होतो; म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच दवाखान्यात यावे. पहिलटकरणींना लवकर अ‍ॅस्पिरिन दिल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे सुमारे 11 टक्क्यांनी घटतात, असे सहा देशांतील एका अभ्यासात दिसले. त्यात नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रे होती. कॅल्शियमचे तसेच. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज घ्याव्यात, मात्र लोहाच्या गोळीबरोबर नव्हे. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नये. मीठ एकदम बंद करून अळणी जेवण्याने हा विकार टळत नाही, उलट खाणे कमी होते. लोणचे-पापड बेताने, इतके पुरे.

शेवटचा मुद्दा बाळंतिणीचा. बाळ झाले, पेढे वाटले, धोका संपला, असे सर्वांना वाटते. वस्तुस्थिती अशी की बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रक्तदाब पुन्हा चढतो. त्या वेळी ती घरी, बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, शेक घेत असते. डोके दुखते म्हणाली की ‘‘वारा लागला’’ म्हणून कान घट्ट बांधतात, शेगडीत आणखी निखारे घालतात. बारशाच्या तयारीत तिच्याकडे लक्ष जात नाही. गर्भारपणी रक्तदाब असलेल्या प्रत्येक बाळंतिणीचा दाब घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीन वेळा तरी मोजावा, गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, आणि सव्वा महिन्याने पुन्हा दाखवावे. दूध अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. त्यासाठी दूध तोडण्याचे कारण नाही.

 काही प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

(व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्नोत्तरे पुढे दिली आहेत. – संपादक)

प्रश्न : आमच्या घरी चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. रक्तदाबाची गोळी रात्रीची असेल तर काय करावे?

उत्तर : प्रश्न महत्त्वाचा आहे आणि बहुतेक भगिनी तो डॉक्टरांना विचारत नाहीत, गोळी गुपचूप टाळतात. तसे करू नये. आपला नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा. सौम्य रक्तदाबात दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी सूर्यास्तापूर्वी आणि सकाळी नवकारशीनंतर अशी कधी कधी बसवता येते, पण थंडीच्या दिवसांत हे अंतर चौदा तासांच्या घरात जाते आणि दर आठ तासांनी घ्यावयाच्या औषधाला ते चालत नाही. रक्तदाब तीव्र असेल तर औषध रात्रीही घ्यावेच लागेल. उपवासाविषयीही तेच, गर्भवतीला, विशेषतः रक्तदाब असलेल्या गर्भवतीला, निर्जळ उपवास मी वैद्य म्हणून मान्य करणार नाही. व्रताचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नव्हे. त्यासाठी कुटुंबाने आपल्या गुरुमहाराजांना रिपोर्टातील आकड्यांसह विचारावे.

प्रश्न : माझ्या मुलीला पहिल्या खेपेस असा त्रास झाला. दुसऱ्या वेळी पुन्हा होईल का?

उत्तर : साधारण सहा-सात जणींमागे एकीला पुन्हा होतो. पहिल्या वेळी तो सातव्या-आठव्या महिन्यातच झाला असेल तर शक्यता अधिक, नवव्याच्या अखेरीस झाला असेल तर कमी. दिवस राहण्यापूर्वीच एकदा दाखवावे. रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि अ‍ॅस्पिरिनविषयी विचारावे. याखेरीज आणखी एक. असा त्रास झालेल्या स्त्रीला पुढील आयुष्यात कायमचा रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट, कधी त्याहूनही अधिक असतो. मुले मोठी झाली, ती चाळिशीला आली, तरी वर्षातून एकदा रक्तदाब मोजलाच पाहिजे, आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेली तरी ‘‘माझ्या बाळंतपणात रक्तदाब वाढला होता’’ हे तिने आपणहून सांगावे. त्या वेळचा रुग्णालयातून मिळालेला कागद टाकून देऊ नका. घराच्या सातबाऱ्याशेजारी ठेवा.